आवाज येतो, पण पडदा काळा: एलईडी टीव्हीच्या बॅकलाइटचा दोष कसा शोधायचा आणि कायमचा कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा: ४० इंची एलईडी टीव्ही, चार-पाच वर्षांचा. आवाज नेहमीसारखा येतो, रिमोटने चॅनेलही बदलते, पण पडद्यावर काही नाही. चालू करताना एक-दोन सेकंद पडदा उजळतो आणि विझतो. एकाने ‘पॅनल गेले’ असे सांगितले, दुसऱ्याने ‘सप्लाय कार्ड बदला’. नक्की काय बिघडले आहे आणि हातात मल्टिमीटर असलेल्या माणसाला ते दुरुस्त करता येईल का?

बहुधा दोघांचेही चुकले आहे. आवाज येतो आहे, म्हणजे मेन बोर्ड सुरू होतो आणि सप्लायकडून त्याला लागणारे व्होल्टेज मिळते. पडदा क्षणभर उजळतो, म्हणजे बॅकलाइटचा ड्रायव्हरही जिवंत आहे. त्याने एलईडींना व्होल्टेज दिले, पुढे काहीतरी बिनसल्याचे त्याच्या लक्षात आले आणि त्याने स्वतःच हात आखडता घेतला. मेलेला ड्रायव्हर आधी उजेड पाडून मग विझत नाही. त्यामुळे पहिला संशय आतल्या एलईडी पट्ट्यांवर घ्यायचा, सप्लायवर नाही.

‘एलईडी टीव्ही’ हे नाव जरा फसवे आहे. चित्र तयार करते ती एलसीडीची काच, आणि तिला स्वतःचा उजेड अजिबात नसतो. तिच्या मागे पत्र्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांवरचे पांढरे एलईडी उजेड देतात. ते विझले की चित्र असूनही दिसत नाही. हे पडताळायला सेट उघडावा लागत नाही. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करून रिमोटने मेनू उघडा आणि प्रखर टॉर्च पडद्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर तिरकी धरून हळूहळू फिरवा. मेनूची अक्षरे पुसट दिसली, तर काच, टीकॉन (काचेला चित्राचे संकेत देणारा बोर्ड) आणि मेन बोर्डाचा चित्राचा भाग तिन्ही ठीक आहेत आणि ‘पॅनल गेले’ हा निकाल रद्द. मेनूच उघडायचा, कारण चालू कार्यक्रमातले गडद दृश्य टॉर्चने दिसत नाही आणि चांगले पॅनल उगाच बाद ठरते. काही पडद्यांचा पृष्ठभाग खरखरीत असतो, तिथे दोन-तीन कोनांतून पाहावे लागते.

उघडण्याआधी

प्लग भिंतीतून काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. सप्लायच्या प्रायमरी (भिंतीतल्या विजेच्या) बाजूला एक मोठा कॅपॅसिटर असतो, अंगावर ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेला. २३० व्होल्ट एसीवर त्यात सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठते, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेल्या सप्लायमध्ये ३८० ते ४००. दोष असलेल्या सेटमध्ये हा साठा प्लग काढल्यावरही बराच वेळ टिकू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून तो काढायची सवय वाईट: ठिणगीने ट्रॅक जळतो, कधी कॅपॅसिटरच आतून दुखावतो. २.२ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर विद्युतरोधक आवरणाच्या वायरींना जोडून ठेवा आणि कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर तीन-चार सेकंद धरा. मग मीटर लावून व्होल्टेज १० च्या खाली आल्याची खात्री करा. एलईडी प्लसच्या रेषेवरही एक कॅपॅसिटर असतो. त्यात पट्ट्यांप्रमाणे ६० ते २०० व्होल्ट असू शकतात आणि बॅकलाइट पेटत नसेल तर ते तिथेच अडकून राहतात. या कॅपॅसिटरचा विसर पडतो आणि झटका इथेच बसतो.

दुसरी गोष्ट ग्राउंडची. सप्लाय कार्डवर एक जाड रेष आखलेली असते: एका बाजूला प्रायमरी म्हणजे ‘हॉट’, दुसऱ्या बाजूला सेकंडरी म्हणजे ‘कोल्ड’. कोल्ड बाजूची सगळी मापे मीटरची काळी वायर चॅसीच्या पत्र्यावर ठेवून घ्यायची. हॉट बाजूचे माप मोठ्या कॅपॅसिटरच्या निगेटिव्हवरून. दोन ग्राउंड एकमेकांना जोडायचे नाहीत. चॅसीवरून प्रायमरी मोजायला गेलात, तर येणारा आकडा निरर्थक असतो.

सेट पालथा ठेवताना खाली पडद्यापेक्षा मोठे जाड फोम किंवा घोंगडी हवी. तिच्यावर आधी हात फिरवून एखादा स्क्रू राहिला नाही ना ते पाहा, काचेला तेवढाच पुरतो. स्टँडचे आणि मागच्या झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून ते वेगळे ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो आतल्या बोर्डात किंवा पॅनलमध्ये घुसतो.

मीटर काय सांगतो

सप्लाय आणि मेन बोर्ड यांच्यामध्ये साधारण १० ते १४ पिनांचा कनेक्टर असतो आणि त्याच्या शेजारी नावे छापलेली असतात. स्टँडबायचे ५ व्होल्ट प्लग लावल्याबरोबर हवेत. काही सेटमध्ये हे ३.३ असते, काहींत सप्लाय थेट १२ व्होल्टच देतो. रिमोटने चालू केल्यावर ‘पीएस-ऑन’ वर ३ व्होल्टच्या आसपास येते आणि मग १२ व्होल्टची रेषा उभी राहते. त्यानंतर काही सेकंदांनी ‘बीएल-ऑन’ वर ३ ते ५ व्होल्ट यायला हवेत. ही बॅकलाइट पेटवण्याची आज्ञा. ‘डिम’ किंवा ‘पीडब्ल्यूएम’ (एलईडी वेगाने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करण्याची पद्धत) पिनेवर उजेडाच्या मात्रेप्रमाणे कमी-जास्त व्होल्टेज दिसते.

आता खरे माप. मीटर डीसी ६०० व्होल्टच्या रेंजवर, काळी वायर चॅसीवर, लाल वायर एलईडी कनेक्टरच्या प्लसवर. मीटरला कमाल आकडा धरून ठेवायची सोय असेल तर ती लावा, कारण खेळ सेकंदभराचा असतो. टीव्ही चालू करा आणि आकडा पाहा.

समजा आत ८ एलईडींच्या ३ पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या आहेत आणि एलईडी ३ व्होल्टचे आहेत. मग २४ गुणिले साधारण ३.१, म्हणजे सुमारे ७५ व्होल्ट ही त्या साखळीची नेहमीची गरज. आकडा आधी ड्रायव्हरच्या इनपुटइतका, समजा २४ वर असेल, तिथून एकदम ९५-१०० वर उडी मारून पुन्हा खाली आला, तर साखळी कुठेतरी तुटलेली आहे. ड्रायव्हर करंट मिळेना म्हणून व्होल्टेज वाढवत गेला, मर्यादा गाठली आणि थांबला. आकडा ६०-६५ पर्यंतच जाऊन कोसळला, तर काही एलईडी आतून शॉर्ट झाले आहेत. आणि आकडा जागचा हललाच नाही, तर ड्रायव्हरला आज्ञा पोहोचली नाही किंवा ड्रायव्हरच गेला. तुमच्या वर्णनावरून पहिला किंवा दुसरा प्रकार असणार. साखळी पूर्ण तुटलेली असेल तर उजेड पडायलाच नको, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर असे की एलईडीच्या आतली बारीक तार अर्धवट सुटलेली असते. थंड असताना ती टेकते, गरम होताच सुटते. एकापेक्षा जास्त साखळ्या असलेल्या सेटमध्ये तर एक मेली तरी बाकीच्या क्षणभर पेटतात, मग ड्रायव्हर सगळ्यांनाच विझवतो.

पक्का पुरावा एलईडी टेस्टर देतो. हे छोटे उपकरण ० ते ३०० व्होल्टपर्यंत स्वतः जुळवून घेते आणि काही मिलिअँपियरच करंट सोडते, त्यामुळे एलईडीला इजा होत नाही. पॅनल न उघडता मागच्या कनेक्टरवरच लावायचे. चांगली साखळी मंद पेटते आणि २४ एलईडींवर ६५ ते ६८ व्होल्ट दिसतात, कारण कमी करंटवर प्रत्येक एलईडी २.७-२.८ व्होल्टच घेतो. तुटलेल्या साखळीवर टेस्टर थेट कमाल आकडा दाखवतो. अपेक्षेपेक्षा तीन-तीनच्या पटीत कमी आले, तर तितके एलईडी शॉर्ट आहेत. टेस्टर नसेल तर पॅनल उघडल्यावर ९ व्होल्टची बॅटरी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर पुरे: एकेका एलईडीला लावून पाहायचे. ३ व्होल्टचा असो की ६ चा, दोन्ही पेटतात. मीटरच्या डायोड मोडवर भरवसा नको. काही मीटर ३ व्होल्टचा एलईडी अंधुक पेटवतात, ६ व्होल्टच्या एलईडीवर जवळपास सगळेच गप्प बसतात आणि चांगला माल मेलेला वाटतो.

आकडा जागचाच राहिला तर

हा फाटा तुमचा नाही, पण लक्षण थोडे वेगळे असलेल्यांसाठी. बीएल-ऑन येत नसेल तर दोष मेन बोर्डाकडे. तो वेगळा काढून पाहायचा असेल तर मेन बोर्डाचा कनेक्टर सोडवा आणि १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून स्टँडबायचे ५ व्होल्ट पीएस-ऑन, बीएल-ऑन आणि डिम या तिघांना द्या. पडदा पांढरा उजळला तर सप्लाय, ड्रायव्हर, पट्ट्या ठीक. काही सप्लाय भाराशिवाय स्थिर राहत नाहीत, त्यांच्या १२ व्होल्टवर १० ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर टांगा. तो बराच तापतो, बोर्डापासून दूर ठेवा. ही युक्ती करण्याआधी चालू सेटवर त्या पिनांची खरी व्होल्टेज एकदा मोजून घ्यावीत. पीएस-ऑन पिनच नसलेले सप्लायही असतात.

बीएल-ऑन येते आहे आणि तरीही व्होल्टेज वाढत नाही, तर ड्रायव्हरचा फ्यूज, मॉसफेट (स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर), डायोड आणि आयसीचा स्वतःचा पुरवठा या क्रमाने पाहा. मॉसफेटच्या ड्रेन आणि सोर्समध्ये बीप वाजला तर तो शॉर्ट. पण तो बाहेर काढून नवा डाग मारला की काम झाले असे समजू नका. सोर्सजवळचे ०.१-०.२ ओहमचे रेझिस्टर, गेटचा रेझिस्टर आणि आऊटपुटचा कॅपॅसिटर तपासा. पट्टीची जोडणी पत्र्याला टेकून एलईडी प्लस चॅसीशी शॉर्ट झाली आहे का तेही पाहा. कारण तसेच राहिले तर दुसरा मॉसफेट पहिल्यापेक्षा लवकर जातो.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना ६०-१०० वॅटचा तंतूचा बल्ब सिरीजमध्ये लावा. क्षणभर लखलखून मंदावला तर ठीक. सतत प्रखर राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बने फ्यूज व सुटे भाग वाचवले.

काच उचलणे

संपूर्ण कामात धोका खऱ्या अर्थाने इथेच आहे. पट्टी चुकली तर दुसरी आणता येते, काच गेली तर सेट भंगारात. दोन माणसे लागतातच. पंखा बंद, जागा स्वच्छ, हातात सुती मोजे.

काचेच्या एका कडेला लांबट बोर्ड असतात आणि ते काचेला पातळ तपकिरी फिल्मने जोडलेले असतात. त्या फिल्मवरच ड्रायव्हर आयसी बसलेला असतो. ही फिल्म काचेला सोल्डर केलेली नसते, वाहक चिकटपट्टीने दाबून बसवलेली असते. ती दुमडली, ताणली किंवा काठाने किंचित फाटली, तरी पडद्यावर उभी रेष कायमची. ती साध्या हत्यारांनी पुन्हा बसत नाही. म्हणून क्रम पाळा. आधी टीकॉनला जाणारी रेबीन (चपटी केबल) कुलूप उघडून सोडवा. मग त्या लांबट बोर्डांचे स्क्रू काढून ते मोकळे करा. पुढची चौकट क्लिपांवर असते, तिला प्लॅस्टिकच्या पट्टीने एका कोपऱ्यापासून सोडवत जा. काच उचलताना ते बोर्ड काचेच्या पातळीतच, तिच्याबरोबर उचलले गेले पाहिजेत. लोंबकळू द्यायचे नाहीत. सक्शन कप असतील तर उत्तम, पण ते मध्ये नाही, कडांपासून आठ-दहा सेंटिमीटर आत लावा. काच पिळली जाता कामा नये. ती स्वच्छ फोमवर सपाट ठेवा आणि दुसऱ्या खोलीत ठेवता आली तर आणखी बरे.

काचेखाली दोन-तीन पातळ शीट आणि त्यांच्याखाली एक जाड पांढरा डिफ्युजर असतो. त्यांचा क्रम आणि बाजू बदलली तर उजेड डागाळतो. सगळ्या शीट एकत्र धरून, एका कोपऱ्यावर कागदी टेपची खूण करून उचला आणि आपसात वेगळ्या करू नका. बारीक खाचांच्या शीटवर ओले फडके कधीच फिरवायचे नाही, डाग जात नाही, पसरतो. धूळ फक्त ब्लोअरने. इथे राहिलेला एक केस नंतर पडद्यावर रोज दिसतो.

पट्ट्या

डिफ्युजर काढल्यावर पांढरी परावर्तक शीट आणि तिच्या भोकांतून वर आलेल्या भिंगांच्या रांगा दिसतात. मेलेला एलईडी पुष्कळदा डोळ्यांनीच ओळखू येतो: पिवळ्या पृष्ठभागाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका, कधी भिंगाच्या आतून तपकिरी धूर.

एकच मेला आहे, तेवढाच बदलू, हा मोह होतो. मी तो करू नये असे म्हणेन. सगळ्या एलईडींनी तेवढेच तास, तेवढीच उष्णता सोसलेली असते. एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत आहेत. शिवाय नवा एलईडी जुन्यांपेक्षा प्रखर असतो आणि पडद्यावर तेवढा गोल उजळ दिसतो. पूर्ण संच बदला. संच मिळतच नसेल आणि एलईडीच बदलावा लागला, तर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर साधे सोल्डरिंग आयर्न चालत नाही, सगळी उष्णता पत्रा पिऊन टाकतो. पट्टी २००-२३० अंशांच्या हॉट प्लेटवर ठेवून सोल्डर वितळवावे लागते. बदलायच्या आधी ध्रुव तपासा. काही एलईडींचा मोठा पॅड प्लस असतो, काहींचा मायनस.

नवा संच घेताना पट्टीवर छापलेला क्रमांक जुळवा आणि त्यावरच न थांबता लांबी, एलईडींची संख्या, दोन एलईडींमधले अंतर, कनेक्टरची बाजू आणि व्होल्टेज स्वतः मोजा. ३ आणि ६ व्होल्टचा गोंधळ सर्वांत महागात पडतो. ६ व्होल्टच्या एलईडीत दोन चिप एकामागे एक असतात, बाहेरून फरक कळत नाही. ओळखायचे गणितावरून: २४ एलईडींच्या साखळीवर टेस्टरने ७० च्या आसपास दाखवले तर ३ व्होल्टचे, १४० च्या आसपास दाखवले तर ६ चे. ३ च्या जागी ६ चे लावले, तर ड्रायव्हर दुप्पट व्होल्टेज देऊ शकत नाही आणि पुन्हा तेच, उजळून विझणे. ६ च्या जागी ३ चे लावले, तर साखळीची गरज ड्रायव्हरच्या इनपुटपेक्षाही खाली जाऊ शकते. बूस्ट (व्होल्टेज वाढवणारा) ड्रायव्हर आपल्या इनपुटपेक्षा कमी व्होल्टेज देऊच शकत नाही, मग करंटवर त्याचे नियंत्रण राहत नाही.

जुन्या पट्ट्या उष्णतावाहक दुहेरी टेपने चिकटवलेल्या असतात. हेअर ड्रायरने कोमट करून रुंद प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला. खालचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा. पट्टी संपूर्ण लांबीभर पत्र्याला टेकली पाहिजे. मध्ये टेपचा गोळा राहिला की त्या जागी उष्णता अडते आणि पहिला एलईडी तिथेच जातो. चिकटवल्यावर एलईडी प्लस आणि मायनस, दोन्ही चॅसीशी मीटरने तपासा. बीप नको.

एखादे भिंग सुटले असेल तर ते पुन्हा बसवता येते. पडद्यावर अचानक पांढरे गोल ठिपके दिसू लागण्याचे कारण बहुतेक हेच असते, एलईडी ठीकच असतात. भिंगाच्या तीन पायांना टाचणीने इपॉक्सी लावा. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद टाळा. त्याच्या वाफेने भिंगावर पांढरट थर बसतो.

करंट कमी केला नाही तर दुरुस्ती अर्धी

पट्ट्या बदलून सेट देऊन टाकणारे पुष्कळ असतात. तोच सेट वर्ष-दीड वर्षात परत आला, तर दोष नव्या पट्ट्यांच्या माथी मारला जातो. मूळ पट्ट्या का मेल्या, हे कोणी विचारत नाही. कारखान्यातून उजेड कमालीवर ठेवलेला असतो आणि १ वॅटचा, ३००-३५० मिलिअँपियरचा एलईडी काही सेटमध्ये ४०० च्या वर चालवला जातो. बंद पत्र्यात ती उष्णता साठते. आधी एलईडीवरचा पिवळा फॉस्फर (चिपचा निळा उजेड पांढरा करणारा थर) खराब होतो आणि चित्र निळसर-जांभळे दिसू लागते, नंतर चिप जाते. पडदा निळसर दिसू लागणे ही बहुधा चित्राच्या सेटिंगची चूक नसते, पट्ट्यांची पूर्वसूचना असते.

करंट ठरवतात ते एलईडी मायनस आणि ग्राउंड यांच्यामधले समांतर जोडलेले बारीक एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर बसवलेले) रेझिस्टर. चार असतील, समजा २.२, २.२, ३.३ आणि ५.१ ओहम. समांतर असल्यामुळे प्रत्येकाचा उलटा आकडा घ्यायचा: ०.४५५, ०.४५५, ०.३०३, ०.१९६. बेरीज १.४०९, म्हणजे एकूण ०.७१ ओहम. चालू सेटवर या रेझिस्टरांवर ०.३ व्होल्ट मोजले गेले, तर करंट ०.३ भागिले ०.७१, सुमारे ४२० मिलिअँपियर. आता ३.३ ओहमचा एक रेझिस्टर उचलला तर बेरीज उरते १.१०६, एकूण रोध ०.९०४ ओहम आणि करंट सुमारे ३३० मिलिअँपियर. म्हणजे २१ टक्के घट. डोळ्याला हा फरक मोठा वाटत नाही, एलईडीला मोठा वाटतो. २० ते ३० टक्के घट योग्य. त्यापुढे दिवसाच्या उजेडात चित्र मंद दिसते, आणि काही आयसी कमी करंटलाही दोष समजून बंद पडतात.

दोन सावधगिऱ्या. वरचे माप बॅकलाइट मेनूत १०० वर ठेवून घ्या, नाहीतर पीडब्ल्यूएममुळे मीटर सरासरी दाखवतो आणि गणित चुकते. आणि मॉसफेटच्या सोर्सवरचे ०.१-०.२ ओहमचे रेझिस्टर हे नव्हेत, ते मॉसफेटच्या संरक्षणासाठी असतात. तिथे हात घातला तर करंट कमी होत नाही, सेट जास्त उजेडावर अडखळतो. एलईडी मायनसच्या पिनेपासून ट्रॅक धरून मागे गेलात तर चूक होत नाही.

रेझिस्टरला हात लावायचा धीर नसेल, तर मेनूत बॅकलाइट ६०-७० वर आणा. त्यानेही उष्णता कमी होते. मात्र पीडब्ल्यूएम पद्धतीत प्रत्येक स्पंदाचा कमाल करंट तोच राहतो, आणि कोणी कारखाना-सेटिंग परत आणले की पुन्हा १००. रेझिस्टरचा उपाय मेनूने पुसला जात नाही. ब्राइटनेस आणि बॅकलाइट ही बहुतेक सेटमध्ये दोन वेगळी सेटिंग आहेत हेही लक्षात असू द्या. ब्राइटनेस कमी केल्याने चित्र काळवंडते, पट्ट्यांना आराम मिळेलच असे नाही.

पडदा उजळलेला, चित्र नाही

टॉर्चच्या चाचणीची गरजच न पडणारा हा प्रकार टीकॉनचा. टीकॉनला १२ व्होल्ट येतात का पाहा, मग इनपुटजवळचा बारीक फ्यूज. पुढे बोर्डवर चाचणीचे ठिपके असतात: एव्हीडीडी साधारण १३ ते १७ व्होल्ट, व्हीजीएच २५ ते ३५, व्हीजीएल उणे ५ ते उणे १२, लॉजिकचे ३.३. सगळीच गायब असतील तर बंद करून काचेकडे जाणाऱ्या दोन रेबिनींपैकी एक सोडवा आणि पुन्हा मोजा. एका बाजूची रेबीन काढताच व्होल्टेज परतले, तर त्या बाजूच्या लांबट बोर्डवरचा एखादा सिरॅमिक कॅपॅसिटर शॉर्ट आहे, आणि तो सापडला तर दुरुस्ती स्वस्तात होते. कायमच्या उभ्या रेषा मात्र बहुधा त्या तपकिरी फिल्मच्या. तिच्यावर बोटाने दाब दिल्यावर रेष जाते म्हणून खाली फोमचा तुकडा कोंबण्याचा प्रकार चालतो, पण तो काही आठवडे निभावतो इतकेच.

बंद करण्यापूर्वी

डिफ्युजर आणि शीट बसवण्याआधीच नव्या पट्ट्या चालवून पाहा. काच बाजूला आहे, त्यामुळे रेबीन जोडू नका. मेन बोर्ड आवाज देईल आणि बॅकलाइट पेटेल, तेवढे पुरे. थेट एलईडींकडे बघू नका, वर पांढरा कागद टाका. एलईडी प्लसचे व्होल्टेज लिहून ठेवा आणि २० मिनिटांनी पुन्हा मोजा. एलईडी तापले की ते दोन-तीन व्होल्टने उतरते, ते साहजिक आहे. एकदम तीन किंवा सहा व्होल्टची पायरी पडली, तर एखादा एलईडी शॉर्ट झाला. तो आत्ता सापडलेला बरा, काच पुन्हा उचलण्यापेक्षा.

मग शीट, काच, लांबट बोर्ड, चौकट या क्रमाने परत. चौकटीचे स्क्रू एका बाजूचे पूर्ण न आवळता आळीपाळीने, हलक्या हाताने आवळा. जास्त दाब पडला की गडद दृश्यात कडेला पांढरट पट्टे दिसतात. ते दिसले तर जवळचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा. रेबीन बसवताना कुलूप दोन्ही बाजूंनी सारखे बसले आहे ना ते भिंगातून पाहा. किंचित तिरकी बसलेली रेबीन अर्धा पडदा रंगीबेरंगी करते, आणि वाटते की काचच गेली.

झाकण लावण्यापूर्वी दोन तास पांढऱ्या चित्रावर चालवा.